मॉर्मन शेजारीण, फ्युनरल पोटॅटोज आणि मोक्ष

केतकी_लीहायकर

मागच्या वर्षी फेब्रुवारीत बाबा गेले. मी पोचले ती थेट दहाव्याला. घाटावर पिंडाला कावळा शिवेना. पाऊण तास झाला. काकांनी हळूच "केतकी आलीये हो, तिची काळजी करू नका" म्हटलं आणि कुठूनसा एक आला. ज्याला जे मानायचं ते मानो, मी तेव्हा हमसून रडले.

पंधरा दिवसांनी अमेरिकेत, युटाला परतले. आमचं गाव लीहाय. इथे बहुतेक शेजार मॉर्मन, म्हणजे जोसेफ स्मिथने अमेरिकेत काढलेल्या, स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्या पंथाचा. (गावाचं नावच मुळी त्यांच्या धर्मग्रंथातल्या, 'बुक ऑफ मॉर्मन'मधल्या एका प्रेषिताचं. इथून तासाभरावर नीफाय नावाचं गाव आहे, ते त्याच्या मुलाचं.) बॅगा उघडायच्या आत दारात शेजारची आजी, हातात फॉइल लावलेला ट्रे. बटाट्याचा कीस, चीज, आंबट साय, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा. याला इथे फ्युनरल पोटॅटोजच म्हणतात, कुणी गेलं की शेजारपाजारच्या बायका करून नेतात. एरवी त्यात चिकन सूपचा डबा ओततात. आजीने मशरूमचा घातला होता, आणि आम्ही खात्री करून घ्यावी म्हणून डब्यावरचा कागद सोलून, घटकपदार्थ वर येतील असा फॉइलला चिकटवला होता.

जाताना म्हणाली, "तुला ते पुन्हा भेटतील. बाबा म्हणूनच."

ते 'बाबा म्हणूनच' डोक्यात राहिलं. आपल्याकडे सगळी धडपड उलट असते ना? स्मशानातून परतताना मागे वळून बघायचं नाही. जाणाऱ्याने अडकू नये, आपणही अडकवू नये. आणि ही बाई सांगते, धरून ठेव.

नंतर एका दुपारी तिच्याकडे बसून सगळं विचारलं. तिने लाइट बिलाच्या पाकिटामागे गोल काढून समजावलं. जमेल तसं लिहिते.

जन्माआधीही आपण होतो. स्वर्गीय पित्याची आत्मारूप लेकरं म्हणून त्याच्याजवळ राहत होतो. त्याआधीही आपल्यातलं मूळ चैतन्य होतंच. ते देवानेही निर्माण केलेलं नाही, ते अनादि. मग स्वर्गात एक सभा भरली. पित्याची योजना अशी, की लेकरांनी पृथ्वीवर जावं, शरीर घ्यावं, आपल्या मर्जीने बरंवाईट निवडावं, चुकावं, शिकावं. चुकणाऱ्यांना परत येता यावं म्हणून एक तारणारा असेल. ती जबाबदारी येशूने घेतली. ल्युसिफर म्हणाला, मी सगळ्यांना परत आणतो, एकही हरवणार नाही, पण निवडीचा हक्क काढून घ्या आणि मान मला द्या. तो हरला आणि एक तृतीयांश आत्मे घेऊन निघून गेला. तेच सैतान नि त्याची फौज. त्यांना शरीर कधीच मिळणार नाही, हीच त्यांची शिक्षा.

बाकीचे आपण. जन्मताना स्मृतीवर पडदा पडतो, म्हणून यातलं काही आठवत नाही.

आयुष्य कशासाठी, याला तिचं उत्तर एका दमात आलं: शरीर मिळवायला, परीक्षा द्यायला, कुटुंब करायला आणि आनंदासाठी. आदामाने फळ खाल्लं ते बरंच झालं म्हणे, नाहीतर आपण जन्मलोच नसतो.

मेल्यावर आत्मे एका मधल्या जागी थांबतात. काही विसाव्यात, काही एका प्रकारच्या कैदेत. तिथेही शिकवायला येतात. शेवटी सगळ्यांचं पुनरुत्थान, म्हणजे प्रत्येकाला शरीर परत, न म्हातारं होणारं. मग तीन लोक: सिलेस्टियल सूर्यासारखा, टेरेस्ट्रियल चंद्रासारखा, टेलेस्टियल ताऱ्यांसारखा. खोटारडे नि व्यभिचारीही आपली सजा भोगून तिसऱ्यात जातात, आणि तोसुद्धा कल्पनेपलीकडे सुंदर आहे. कायमचा अंधार अगदी मोजक्यांना, ज्यांनी पक्कं ठाऊक असून पाठ फिरवली त्यांना.

सूर्यलोकातही तीन पायऱ्या. सगळ्यात वरच्या पायरीवर एकट्याने जाता येत नाही. टेंपलमध्ये (हे रोजच्या चर्चहून वेगळं, खास विधींचं देऊळ) अनंतकाळासाठी लग्न लागलेले नवराबायको जोडीनेच.

मी म्हटलं, म्हणजे आमच्या वटपौर्णिमेला सात जन्मांची मुदत तरी आहे! तिला समजावून सांगितल्यावर ती इतकी हसली, की पाकिटावरचा चंद्र पुसला गेला.

तर चर्चा करू या. टिंगल चालेल, हेटाळणी नको. ती माझी शेजारीण आहे.

---

भेळभत्ता

एका जन्माच्या करारावर सही करताना माझा हात थरथरला होता, इथे तर अनंतकाळ. बायकोला हा धागा दाखवणार नाही.

प्रश्न: मेल्यावर प्रत्येकाला स्वतःचा ग्रह मिळतो हे खरं का? ऑफिसात ऐकलंय.

---

केतकी_लीहायकर

ग्रहाचं आजीला विचारलं, तिने कपाळाला हात लावला. ते बाहेरच्यांनी केलेलं व्यंगचित्र आहे म्हणाली. पण धूर आहे तिथे थोडी आग आहेच. वरच्या पायरीवर पोचलेलं जोडपं ईश्वरासारखं होतं आणि त्यांची संततीही पुढे चालू राहते, हे त्यांच्या शिकवणीत आहे. जोसेफ स्मिथने १८४४ च्या एप्रिलमध्ये, मारला जाण्याच्या तीनेक महिने आधी, भर सभेत सांगितलं होतं की देवही कधीकाळी माणसासारखा होता. हल्ली चर्चमध्ये यावर फार बोलत नाहीत.

---

चार्वाकाचा_चुलतभाऊ

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो पण लेख बरा निघाला. तरी काही नोंदी करून ठेवतो.

जोसेफ स्मिथ हा न्यूयॉर्क राज्यातला शेतकऱ्याचा पोर. टोपीत दगड ठेवून पुरलेला खजिना शोधून देतो म्हणायचा. मग देवदूताने सोन्याचे पत्रे दाखवले, त्याचं भाषांतर १८३० मध्ये छापलं, त्याच वर्षी ६ एप्रिलला चर्च. पत्रे देवदूताने परत नेले. सोयीस्कर!

बहुपत्नीत्व १८९० मध्ये अधिकृतपणे थांबवलं, सरकार मालमत्ता जप्त करायला उठलं तेव्हा. कृष्णवर्णीयांना पुरोहितपद नि टेंपलमधले विधी १९७८ पर्यंत बंद. म्हणजे ताईंची ती वरची पायरी त्यांना या जवळपास दोनशे वर्षांत निम्म्याहून जास्त काळ मिळूच शकत नव्हती. ईश्वरी योजनेत ही दुरुस्ती इतक्या उशिरा कशी सुचली?

आणि दशांश. उत्पन्नाचा दहावा हिस्सा दिला नाही तर टेंपलचा परवाना नाही, परवाना नाही तर ते लग्न नाही, ते लग्न नाही तर वरची पायरी नाही. गणित तुम्हीच करा.

---

केतकी_लीहायकर

@चार्वाक, १९७८ चं खरं आहे आणि आजीलाही ते बोचतं. "आम्ही चुकलो" एवढंच म्हणाली, पुढे बोलली नाही. दशांशाचंही खरं. त्याची दुसरी बाजूही मात्र सांगते: महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दोन जेवणं सोडतात आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी देतात. हे दशांशाव्यतिरिक्त. बिशप, म्हणजे स्थानिक चर्चचा प्रमुख, पगारी नसतो. आमच्या गल्लीतला दंतवैद्य आहे.

---

भिंगारकर

मी नगरचा. चौथ्या पिढीतला ख्रिस्ती. शीर्षकातल्या 'मोक्ष' शब्दावर अडलो. आमच्या घरात हा शब्द नाही, 'तारण' आहे. मोक्ष म्हणजे सुटणं, तारण म्हणजे कुणीतरी हात देऊन बाहेर काढणं. बुडणारा आणि काढणारा असे दोघे लागतात.

गंमत बघा, स्मिथने चर्च काढलं १८३० मध्ये, आणि अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला आले १८३१ मध्ये. त्या काळात अमेरिकेत धर्मजागृतीची जी लाट होती तिच्याच या दोन फांद्या. एक रॉकी पर्वताकडे गेली, एक आमच्या भिंगारच्या आसपास.

मॉर्मनांना ख्रिस्ती म्हणावं का, यावर आमच्यात सरळ 'नाही' म्हणणारे खूप आहेत. ते त्रैक्य मानत नाहीत. पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे त्यांच्या मते तीन वेगळे, पैकी पित्यालाही हाडामांसाचं शरीर. कॅथलिक चर्चने २००१ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही असं ठरवलं. माझं भांडण मात्र दुसरं आहे. आम्ही शिकलो, तारण कृपेने, कर्माने नव्हे, कुणी बढाई मारू नये म्हणून. त्यांच्या ग्रंथात वाक्य आहे की आपल्याला करता येईल ते सर्व केल्यावर कृपेने आपलं तारण होतं. त्या 'सर्व केल्यावर'मध्ये माणूस मरतो हो. कधी म्हणणार सर्व केलं? दशांश, उपास, चहा सोडा, कॉफी सोडा, दोन वर्षं मिशनवर धर्मप्रचार.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून घ्यावीशी वाटते. आदामापासून चालत आलेल्या मूळ पापाचं ओझं ते तान्ह्या पोरावर टाकत नाहीत. बाप्तिस्मा आठव्या वर्षी, आणि त्याआधी गेलेलं मूल थेट सूर्यलोकात. माझ्या आजीचं एक मूल बाप्तिस्म्याआधी गेलं होतं. ती शेवटपर्यंत विचारत राहिली, त्याचं काय झालं असेल. पाळकसाहेबांनी धीर दिला, पण 'मला ठाऊक आहे' असं कुणी म्हणालं नाही.

---

मुळशीकर

चहा सोडा??? धागा इथेच बंद करावा.

---

केतकी_लीहायकर

@मुळशीकर, हो. १८३३ मध्ये सल्ला म्हणून आलं, पुढे नियम झाला. चहा, कॉफी, दारू, तंबाखू बंद. त्याचा वचपा म्हणून इथे सोड्याची दुकानं: कोकमध्ये नारळाचं सिरप नि मलई घालून अर्ध्या बादलीएवढे पेले. ड्राइव्ह-थ्रूला शाळा सुटल्यावर रांग लागते. मी आजीला गवती चहाची पात नुसती उकळून दिली, दूध-साखर घालून, चहापत्ती शून्य. तेव्हापासून दर गुरुवारी येते.

@भिंगारकर काका, तारण-मोक्षाचा फरक आवडला. तुमच्या आजींचं वाचून एक आठवलं. स्मिथचा थोरला भाऊ ॲल्विन १८२३ मध्ये अचानक गेला, बाप्तिस्मा न घेता. दफनाच्या वेळी धर्मोपदेशकाने तो नरकात गेल्याचं सुचवलं. बापाच्या मनातून ते कधी गेलं नाही. १८३६ मध्ये स्मिथने सांगितलं, मला सूर्यलोक दिसला आणि तिथे ॲल्विन होता. १८४० मध्ये मृतांसाठी बाप्तिस्मा सुरू केला. स्मिथची स्वतःची किती मुलं तान्हेपणी गेली! सोन्याच्या पत्र्यांचं काय ते चार्वाकभाऊ बघून घेतील, पण हे सगळं शास्त्र एका घरातल्या मयतीतून उगवलंय असं मला वाटत राहतं.

---

चार्वाकाचा_चुलतभाऊ

हे मान्य. दुःख खरं असू शकतं, उत्तर खोटं असलं तरी.

---

सिन्नरचा_सदू

मृतांसाठी बाप्तिस्मा म्हणजे नक्की काय करतात? मढ्याला?

---

केतकी_लीहायकर

नाही हो! जिवंत माणूस बदली उभा राहतो, बहुतेक वेळा बारा-चौदा वर्षांची पोरंपोरी. २०२३ च्या शेवटी ओरेमचं नवं टेंपल पवित्र करण्याआधी सगळ्यांसाठी खुलं होतं. एकदा पवित्र झालं की परवान्याशिवाय आत जाता येत नाही, म्हणून आम्ही गेलो. दारात स्वयंसेवक पोरं गुडघ्यावर बसून प्रत्येकाच्या बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवत होती. आत बाप्तिस्म्याचं मोठं कुंड, आणि ते बारा बैलांच्या पाठीवर तोललेलं. इस्राएलच्या बारा वंशांचे बारा. पूर्ण आकाराचे, शिंगं-वशिंडासकट घडवलेत का ते मी वाकून बघितलं. वशिंड नाही. माझा लेक मोठ्याने म्हणाला, "आई, पोळा!"

त्या कुंडात पोराला बुडवताना मृताचं नाव घेऊन 'जो मरण पावला आहे त्याच्या वतीने' असं म्हणतात. मग पुढचं नाव, पुन्हा बुडी. मृतावर सक्ती नाही. तिकडे त्या आत्म्याने स्वीकारलं तर लागू, नाही तर नाही.

लग्नाच्या खोलीत समोरासमोर दोन भिंतींवर आरसे आहेत. मधे उभं राहिलं की आपण दोघं एकामागे एक, लांबपर्यंत, हिरवट होत जातो. नवरा म्हणाला, सलूनमध्ये पण असंच असतं.

---

सिन्नरचा_सदू

म्हणजे श्राद्धच की! आमच्याकडे त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांकडे गेलं की गाव विचारतात, आडनाव विचारतात, मग लाल कापडात बांधलेली वही काढतात. माझ्या पणजोबांची मोडीतली सही मी तिथे पाहिली. खाली आजोबांची, बाळबोध. मग माझ्या वडिलांची बॉलपेनने. वडील सही करताना उगाच दोनदा पेन झटकत होते.

---

नामावळी

@सदू, याच्यात खरा दुवा आहे. मॉर्मन चर्चच्या युटातल्या वंशावळी संस्थेने १९७७ पासून हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या मायक्रोफिल्मवर घेतल्या, आणखी काही तीर्थक्षेत्रांच्याही. सॉल्ट लेकजवळच्या डोंगरात ग्रॅनाइट पोखरून त्यांनी तिजोरी केलीये, तिथे जगभरातल्या नोंदींची सुमारे चोवीस लाख रिळं आहेत. आता बरंचसं त्यांच्या फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. वंशावळी शोधणाऱ्या आमच्यासारख्यांना या लोकांचे आभार मानावे तेवढे थोडे. नाव सापडल्याशिवाय विधी नाही, म्हणून त्यांना नावं हवीत.

सदूभाऊंच्या साम्यात मात्र एक फरक घालतो. श्राद्धात आपण पितरांना जेवू घालतो, पुढच्या प्रवासाची शिदोरी देतो. हे लोक पितरांपुढे अर्ज ठेवतात: सही करा किंवा करू नका.

---

चार्वाकाचा_चुलतभाऊ

अर्ज न मागणाऱ्यांपुढेही ठेवतात. छळछावण्यांत मारलेल्या ज्यूंची नावं त्यांनी अशीच घातली होती. ज्यू संघटना भडकल्या, १९९५ मध्ये करार झाला, तरी २०१२ पर्यंत प्रकरणं निघत राहिली. त्याच वर्षी गांधीजींचाही असा बाप्तिस्मा उरकल्याच्या बातम्या होत्या. धर्मांतरावर इतकं लिहून ठेवलेल्या माणसाचा! केतकीताई, बाबांचं नाव सांभाळा.

---

केतकी_लीहायकर

विचारलं होतं तिला, अगदी सरळ. नियम असा की आपल्याच पूर्वजांची नावं द्यायची, आणि गेल्या ११० वर्षांत जन्मलेल्याचं असेल तर जवळच्या हयात नातेवाइकाची परवानगी लागते. "मी तुझ्या बाबांची कुणी नाही, मला देताच येणार नाही," म्हणाली. थोडी नाराज दिसली, नियमावर की माझ्या प्रश्नावर ते कळलं नाही.

---

ऊन_सावली

इतके दिवस नुसती वाचक होते, आज खातं उघडलं.

मी युटातच, प्रोव्होला शिकायला होते. तिथल्या पोरांचा एक वेगळा आनंदीपणा खराच. स्पॅनिश फोर्कच्या राधाकृष्ण मंदिरात होळीला हजारोंनी येतात, बहुतेक मॉर्मन, दारूचा थेंब न घेता दिवसभर नाचतात.

पण माझी एक मैत्रीण चर्च सोडून बाहेर पडली होती. तिच्या सख्ख्या बहिणीचं लग्न टेंपलमध्ये झालं. हिला परवाना नाही, म्हणून ही बाहेर प्रतीक्षागृहात, करवलीचे कपडे घालून, दीड तास. मी सोबत बसले होते. आत आईवडील, आत्या, सगळे. बाहेर आल्यावर फोटोत हिला मधे उभं केलं. रात्री मला म्हणाली, "माझी आई मला रोज फोन करते आणि रोज रडते. मी नरकात जाईन म्हणून नाही, मी कुठेतरी चांगल्याच जागी जाईन हे तिला माहितीय. फक्त तिथे ती नसेल."

केतकी, तुझ्या आजीचं 'बाबा म्हणूनच' छान आहे. पण कुटुंब हाच स्वर्ग म्हटलं की एक पोर निसटल्यावर आईचा स्वर्गही मोडतो. आपल्याकडे निदान ज्याचं त्याचं कर्म.

---

केतकी_लीहायकर

ऊन_सावली, हे वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही.

आजीला तीन मुलं. भिंतीवरच्या फोटोत तिघं आहेत, बोलण्यात दोघंच असतात. मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारणारही नाही.

---

वारीवाला

मला वाटतं सगळे मोक्षावर अडलेत. वारकऱ्याला कुठे हवाय मोक्ष? तो मुक्ती नको, पुन्हा गर्भवास दे म्हणतो, पण संतसंग दे. म्हणजे शरीर हवं, माणसं हवीत. मॉर्मन आजीचं नि आमच्या माळकरी आत्याचं बरं जमेल. फरक एवढाच की आत्या परत इथेच यायचं म्हणते, तेही आषाढीच्या आत.

---

कोल्हापुरी_मिरची

देव बाप आहे, त्याला शरीर आहे, लेकरं आहेत. मग आई?

---

केतकी_लीहायकर

आहे! स्वर्गीय माता मानतात, १८४५ मधल्या एका स्तोत्रात तिचा उल्लेख आहे. पण तिची प्रार्थना करायची नाही.

---

कोल्हापुरी_मिरची

आई आहे पण हाक मारायची नाही? आमच्या अंबाबाईच्या गावात हे चालायचं नाही.

---

केतकी_लीहायकर

धागा वर काढतेय. काल बाबांचं वर्षश्राद्ध केलं, साऊथ जॉर्डनच्या गणेश मंदिरातल्या गुरुजींना विचारून, घरीच. आजी आली होती. एका बाजूला खुर्चीवर हात जोडून बसली, तर्पणाच्या वेळी पितरांची नावं ऐकून मान डोलवत होती. तीन पिढ्याच का, असं विचारलं. तिच्याकडे अकरा आहेत.

मग मागच्या अंगणात पान ठेवलं. इथे आमच्या भागात कावळा क्वचित, मॅगपाय पुष्कळ: काळापांढरा, लांब शेपटीचा, चोरटा. कुंपणावर एक बसला होता, खाली येईना. आजीने विचारलं, आता काय करायचं असतं? मी बाबांच्या दहाव्याचं सांगितलं, काका काय म्हणाले ते.

ती उठली, कुंपणापर्यंत गेली. पक्ष्याकडे बघून तिच्या त्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत म्हणाली, "केतकी ठीक आहे. मी शेजारीच राहते."

पक्षी उडून गेला. अर्ध्या तासाने बघितलं तर वडा नव्हता. खार पण असू शकेल.

---

भेळभत्ता

खारच असणार. पण आजींना सांगू नका.

---

मुळशीकर

त्या बटाट्यांची पाककृती टाका ना. मशरूम सूप डब्याचंच लागतं की घरचं चालेल?